बल्क अपडेटला उत्तर २०० येतं, तरी कित्येक पुस्तकांना कपाट क्रमांक लागलाच नाही

ग्रंथपेटी | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याची सूची संगणकावर शोधता यावी म्हणून मी दोन वर्षं फावल्या वेळात काम करते आहे. सूची इलॅस्टिकसर्च या शोध-प्रणालीत आहे, आवृत्ती ८. एकच यंत्र, ८ जीबी मेमरी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या मुलांनी एकेका कपाटापाशी उभं राहून ५८,२४० पुस्तकांचे नवे कपाट क्रमांक एक्सेलमध्ये भरले. ते आता सूचीत चढवायचे आहेत. मी पायथॉनने बल्कच्या (एकगठ्ठा बदलांच्या) फायली बनवल्या, दर फाईलमध्ये ५,००० नोंदी. प्रत्येक नोंदीला दोन ओळी: वरच्या ओळीत अपडेट आणि आयडी, खालच्या ओळीत 'डॉक' आणि त्यात कपाट क्रमांक.

पहिल्या दिवशी फाईलच जात नव्हती. शेवटी नवी ओळ हवी, असं सांगून ४०० यायचा. फाईल पाठवणाऱ्या कर्ल या आज्ञेला नुसतं 'डॅश डी' दिलं तर तो ओळी जोडून टाकतो, 'डेटा-बायनरी' द्यावं लागतं, हे शोधायला एक संध्याकाळ गेली. आता सगळ्या फायली जातात आणि प्रत्येकीला २००, म्हणजे 'ठीक आहे' असा स्टेटस, येतो. पण वाचनालयात बसून शोधलं की काही पुस्तकांपुढे कपाट क्रमांक दिसतो, काहींपुढे जागा कोरीच. मुलांनी भर उन्हात काम केलं आहे. त्यातली एकही नोंद वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. कुठे बघू?

डोंगरवाट | मंगळवार, रात्री १०.१५

ताई, बल्कचा २०० म्हणजे पाकीट पोचल्याची पोच. आतल्या पत्रांचं काय झालं ते त्याच उत्तराच्या आत लिहिलेलं असतं. उत्तराच्या सुरुवातीला 'एरर्स' नावाची खूण बघा. ती ट्रू असेल तर निदान एक नोंद तरी पडली आहे. खाली 'आयटम्स'ची यादी असते. तिचा क्रम तुम्ही पाठवलेल्या नोंदींचाच असतो आणि प्रत्येकीला स्वतःचा स्टेटस असतो.

बल्क हा एकच व्यवहार नव्हे. ४,९९९ नोंदी लागतात आणि एक पडते, तेव्हा त्या ४,९९९ मागे घेतल्या जात नाहीत.

आधी एकही नोंद पुन्हा पाठवू नका. सगळी उत्तरं फाईलमध्ये साठवा आणि स्टेटसनुसार मोजणी करा. 'फिल्टर पाथ' लावून फक्त चुका मागवता येतात, पण मग यशस्वी नोंदी यादीतून गळतात आणि कोणती ओळ कुणाची ते क्रमावरून जुळवता येत नाही. पहिल्या वेळी पूर्ण उत्तरच घ्या.

ग्रंथपेटी | मंगळवार, रात्री ११.५०

एरर्स ट्रूच होतं, आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं. मोजणी अशी आली:

२०० : ५५,०१२
४०० : १,३०६
४०४ : १,८७१
४०९ : ५१

बेरीज बरोबर ५८,२४० होते. म्हणजे कुठलीही नोंद हवेत विरलेली नाही, एवढं समाधान आहे. ४०० मध्ये 'डॉक्युमेंट पार्सिंग एक्सेप्शन' लिहिलंय, ४०४ मध्ये 'डॉक्युमेंट मिसिंग', ४०९ मध्ये 'व्हर्जन कॉन्फ्लिक्ट'.

तांबडमाती | बुधवार, सकाळी ७.०५

४०४ चं सोपं आहे. खालच्या ओळीत डॉकच्या शेजारी 'डॉक ॲज अप्सर्ट' ट्रू द्या. नोंद नसली तर ती तयार होते आणि ४०४ येत नाही. आमच्या दुकानाच्या मालसूचीत मी हेच करतो.

ग्रंथपेटी | बुधवार, सकाळी ९.३०

केलं. तिसऱ्या फाईलवर चालवलं, ४०४ शून्य झाले. पण आत्ता वाचनालयातून फोन आला की शोधात नाव नसलेली पुस्तकं दिसताहेत. नुसता कपाट क्रमांक, ना शीर्षक ना लेखक. मोजली तर १६३ आहेत.

डोंगरवाट | बुधवार, सकाळी ९.५०

थांबा, बाकीच्या फायलींवर ते चालवू नका. मालसूचीत रोज नवा माल येतो आणि त्याची पूर्ण माहिती त्याच ओळीत असते, म्हणून तिथे अप्सर्ट बरोबर. तुमच्या ओळीत फक्त कपाट क्रमांक आहे. नोंद सापडली नाही की इलॅस्टिकसर्च तेवढ्यावरच नवी नोंद उभी करतो. इथे ४०४ तुमच्या बाजूने होता. 'हे पुस्तक मला सापडत नाही' असं तो सांगत होता.

तांबडमाती | बुधवार, सकाळी १०.१०

माझी चूक झाली, ताई. तुमच्या ओळीत काय आहे ते विचारायला हवं होतं. निस्तरायची रीत सांगतो. 'शीर्षक' हे फील्ड अस्तित्वात नाही अशा नोंदी शोधा: बूल क्वेरीत 'मस्ट नॉट', त्यात 'एक्झिस्ट्स'. आधी काउंट घ्या. आकडा १६३ च आला तरच तीच क्वेरी 'डिलीट बाय क्वेरी'ला द्या. एकनेही जास्त आला तर हात लावू नका, कारण मुळातच शीर्षक नसलेली जुनी नोंद त्यात असू शकते.

ग्रंथपेटी | बुधवार, दुपारी १.२०

१६३ च आले, काढून टाकले. तुम्ही लगेच सांगितलंत म्हणून आजच निस्तरलं, मनापासून आभार.

डोंगरवाट | बुधवार, दुपारी २.००

आता ४०० आणि ४०९ उरकू, म्हणजे ४०४ कडे शांतपणे बघता येईल.

४०० ला कारण ओळीतच असतं, 'रीझन'मध्ये. माझा अंदाज सांगतो: कपाट क्रमांकाचं फील्ड तुम्ही आधी मॅपिंगमध्ये (फील्डांच्या प्रकारांच्या यादीत) सांगितलं नव्हतं, आणि पहिल्या नोंदीत नुसता ११४ सारखा आकडा होता. इलॅस्टिकसर्चने तेवढ्यावरून ते फील्ड 'लाँग', म्हणजे पूर्णांक, ठरवलं. मग '११४-अ' आला की त्याला तो आकडा म्हणून वाचता येत नाही आणि ती नोंद पडते.

एकदा ठरलेला प्रकार त्याच इंडेक्समध्ये (नोंदींच्या साठ्यात) बदलत नाही. नवा इंडेक्स करा, त्यात कपाट क्रमांक 'कीवर्ड' म्हणून आधीच लिहा आणि जुन्यातल्या नोंदी त्यात उतरवा, म्हणजे रीइंडेक्स करा. मॅपिंगला 'डायनॅमिक स्ट्रिक्ट' लावा, म्हणजे न सांगितलेलं फील्ड आलं की तो स्वतः अंदाज बांधणार नाही, सरळ नाकारेल. कपाट क्रमांकांची कुणी बेरीज करत नाही. दिसायला आकडा असला तरी तो शब्दच.

४०९ म्हणजे तुमचं अपडेट नोंद वाचून परत लिहीपर्यंत मध्येच दुसऱ्या कुणी ती बदलली. देवघेवीचा प्रोग्राम त्याच इंडेक्सवर लिहितो का? की दोन खिडक्यांतून फायली एकदम चालवल्या?

ग्रंथपेटी | बुधवार, दुपारी ३.१५

दोन्ही. देवघेव चालू होती आणि मी तीन फायली एकदम सोडल्या होत्या. ४०० चं कारण तुम्ही म्हणालात तेच, पहिलं पुस्तक ११४ मधलं निघालं. पण त्यात आणखी काही विचित्र नोंदी आहेत. कपाट '३-१२' आहे, म्हणजे तिसरं कपाट, बारावा कप्पा. पाठवलेल्या ओळीत मात्र चक्क तारीख गेली आहे.

डोंगरवाट | बुधवार, दुपारी ३.४०

ते एक्सेलने केलं. '३-१२' टाइप केलं की त्याला ती तारीख वाटते आणि आतून तो ती तारीख म्हणूनच साठवतो. नंतर रकाना टेक्स्ट केला तरी मूळ लिखाण परत येत नाही. टाइप करण्यापूर्वीच रकाना टेक्स्ट हवा. तारखेचा दिवस आणि महिना बघून '३-१२' परत मिळवता येईल, पण तुमच्या यंत्रावर दिवस आधी येतो की महिना, ते दोन-चार पुस्तकं कपाटात प्रत्यक्ष बघून नक्की करा. नाहीतर तिसऱ्या कपाटातली पुस्तकं बाराव्यात जातील.

४०९ साठी वरच्या ओळीत 'रीट्राय ऑन कॉन्फ्लिक्ट' ३ द्या. तुम्ही फक्त एक फील्ड बदलताय, देवघेव दुसरं, म्हणून पुन्हा प्रयत्न केल्याने कुणाचं काही पुसलं जाणार नाही. तीच फाईल पुन्हा गेली तरी बिघडत नाही: काहीच बदल नसेल तर निकालात 'नूप' येतं आणि नोंद जशीच्या तशी राहते. स्क्रिप्टने आकडा वाढवणारं अपडेट असतं तर मात्र फाईल दुसऱ्यांदा पाठवणं धोक्याचं, आकडा दोनदा वाढला असता.

शेवंती | बुधवार, सायंकाळी ६.२०

मध्येच लिहिते, कारण पुढे रीइंडेक्स करणार आहात. डिस्कवर किती जागा आहे ते आधी बघा. रीइंडेक्स होईपर्यंत दोन्ही इंडेक्स डिस्कवर असतात. डिस्क ९५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च इंडेक्सला लिहिण्यासाठी कुलूप घालतो. आमच्याकडे तेव्हा ४२९ यायला लागला. आम्ही तो 'रांग भरली, जरा थांबा' अशा अर्थाचा समजून रात्रभर थांबून-थांबून तेच पाठवत राहिलो. सकाळी रीझन वाचलं तर त्यात 'फ्लड स्टेज वॉटरमार्क' लिहिलं होतं.

खरा रांगेचा ४२९ 'रिजेक्टेड एक्झिक्युशन' म्हणतो. त्याला उपाय म्हणजे गठ्ठा लहान करणं, प्रत्येक वेळी थांबायचा वेळ वाढवत नेणं आणि फक्त पडलेल्याच नोंदी परत पाठवणं. डिस्कच्या ४२९ ला उपाय एकच, जागा मोकळी करणं. भरणा ९० टक्क्यांच्या खाली आला की कुलूप आपोआप निघतं.

अक्षरवेल | बुधवार, रात्री ८.४५

४०४ चं मला बघू द्या, मी गेली बरीच वर्षं मराठी मजकुराच्या शोधावर काम करते. तीन प्रश्न. नोंदी पहिल्यांदा चढवताना राउटिंग दिलं होतं का? दिलं असेल तर अपडेटलाही तेच लागतं, नाहीतर इलॅस्टिकसर्च दुसऱ्याच शार्डात (इंडेक्सच्या तुकड्यात) शोधतो आणि नोंद असूनही ४०४ येतो. दुसरं, आयडी कशापासून बनवला आहे? तिसरं, पडलेल्यांपैकी वीसेक आयडी इथे टाका, न निवडता.

ग्रंथपेटी | बुधवार, रात्री ९.३०

राउटिंग नाही. आयडी म्हणजे विषयशीर्षक आणि दाखल क्रमांक. यादी बघूनच पुस्तक ओळखू यावं म्हणून तसा ठेवला होता. मुलांनी एक्सेलमध्ये विषयही लिहिला होता, त्यावरून मी आयडी जुळवला.

एक गोष्ट मलाच सापडली. एक्सेलमधल्या काही विषयांच्या शेवटी मोकळी जागा राहिली होती. ती काढल्यावर ४१२ जुळले. उरलेल्या १,४५९ पैकी पहिले दहा देते:

वऱ्हाडचा इतिहास-०४१२७
वऱ्हाडी बोली-०२२१०
किनाऱ्यावरील किल्ले-१९००४
शेतसाऱ्याचे कायदे-०८८१५
वऱ्हाडचा इतिहास-०४१२९
तारे व ताऱ्यांची माहिती-३३०७१
वऱ्हाडी बोली-०२२४६
कऱ्हा खोरे-२७५६०
वऱ्हाडचा इतिहास-०५०१३
डोंगरदऱ्यांतील भटकंती-४११९८

सूचीत हीच पुस्तकं मला डोळ्यांनी दिसतात. आयडी अक्षरन् अक्षर तोच आहे. तरी सापडत नाही म्हणतो.

अक्षरवेल | बुधवार, रात्री ९.५५

दहाही आयडी मोठ्याने वाचून बघा. प्रत्येकात ऱ्ह किंवा ऱ्य आहे. अक्षर डोळ्यांना तेच दिसतं, आत ते वेगळं आहे.

अर्धा ऱ लिहायच्या संगणकावर दोन रीती चालत आल्या आहेत. एक: ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, त्याला हलन्त, मग ह. दुसरी: साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारी जोडखूण, यू+२००डी, मग ह. 'वऱ्हाड' पहिल्या रीतीने सहा खुणांचा होतो, 'वर्‍हाड' दुसऱ्या रीतीने सात खुणांचा. यूटीएफ-८ मध्ये यातली प्रत्येक खूण तीन बाइटची, म्हणजे एक शब्द १८ बाइटचा, दुसरा २१. आयडीवर कुठलंही विश्लेषण होत नाही, तो बाइट बाइट जुळवला जातो. त्याच्या लेखी ही दोन वेगळी पुस्तकं आहेत.

तुमची जुनी सूची कुठल्या तरी जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये उतरवलेली असणार, तिथे जोडखूण आली. मुलांनी आजच्या कळफलकावर टाइप केलं, तिथे ऱ आला. पायथॉनमध्ये दोन्ही आयडींच्या एकेका अक्षराचा 'ऑर्ड' हेक्समध्ये छापून बघा.

ग्रंथपेटी | बुधवार, रात्री १०.३०

छापलं. सूचीत ९३०, ९४डी, २००डी. एक्सेलमध्ये ९३१, ९४डी. किती वेळ मी दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघत बसले होते.

म्हणजे वाचकाने शोधात 'वऱ्हाड' टाइप केलं तर निम्मी पुस्तकं आजवर त्याला दिसतच नसतील? आमचा सगळ्यात मोठा विभाग तोच आहे.

अक्षरवेल | बुधवार, रात्री ११.१०

हो, तसंच होत असणार, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. आयडी जुळला की तुमचं काम होईल, पण शोधही दुरुस्त करा.

पुष्कळ जण म्हणतात, युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन लावा. ते लावाच, पण त्याने काम अर्धंच होतं. र अधिक नुक्ता असं लिहिलेलं असेल तर एनएफसी त्याचा ऱ करतं. जोडखुणेच्या रीतीला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने त्या दोन गोष्टी समान नाहीत. तेच 'ॲ'चं. यू+०९७२ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात अ आणि चंद्र असे दोन तुकडे आहेत, आणि एनएफसी त्यांनाही एक करत नाही. हे बदल आपणच लिहून द्यावे लागतात.

नव्या इंडेक्सच्या ॲनालायझरमध्ये (मजकूर शोधासाठी तयार करणाऱ्या भागात) 'मॅपिंग' प्रकारचा कॅरेक्टर फिल्टर ठेवा: र, हलन्त, जोडखूण या तिघांचा ऱ आणि हलन्त, अ आणि चंद्र यांचा ॲ. सरसकट सगळ्या जोडखुणा मात्र पुसू नका. ऱ च्या बाबतीत ती नुसती पुसली तर मागे र, हलन्त, ह उरतं आणि त्याचा रफार होतो: वर्‍हाडचा 'वर्हाड'.

इलॅस्टिकसर्चमध्ये मराठीचा तयार ॲनालायझर नाही, हिंदीचा आहे. त्यातलं हिंदी नॉर्मलायझेशन ऱ चा र करतं आणि जोडखूणही काढतं, त्यामुळे दोन्ही वऱ्हाड एक होतील. पण ते ह्रस्व-दीर्घही एक करतं. मग दिन आणि दीन, सुत आणि सूत यांत फरक उरत नाही. मराठी सूचीला मी ते लावणार नाही.

मुळाकाठ | गुरुवार, सकाळी ६.४०

मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. संगणकाचं मला फारसं कळत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचला. बाई, विषयशीर्षक आयडीत कशाला ठेवलंत? पुस्तकाचा विषय बदलतो. आज इतिहासात असलेलं पुस्तक उद्याचा ग्रंथपाल लोकसंस्कृतीत ठेवेल. दाखल क्रमांक बदलत नाही. प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक. पुस्तक हरवलं, फाटलं, निर्लेखित केलं तरी नोंदवहीत त्याच्यापुढे शेरा पडतो, तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. पुस्तकावर शिक्का त्याचाच आहे. यंत्रालाही तोच द्या.

अक्षरवेल | गुरुवार, सकाळी ७.१५

काकांशी पूर्ण सहमत. आयडीला ५१२ बाइटची मर्यादाही आहे. देवनागरीत तीन बाइटच्या हिशेबाने त्या १७० खुणाच होतात, लांब शीर्षक जोडलं की तिथे पोचायला वेळ लागत नाही. दाखल क्रमांक इंग्रजी अंकांत, सहा अंकी, पुढे शून्यं भरून ठेवा.

जुना आयडी जागेवर बदलता येत नाही. पण रीइंडेक्स करताना स्क्रिप्टमध्ये 'सीटीएक्स'चा आयडी नवा देता येतो. तेव्हा 'ऑप टाइप' क्रिएट ठेवा आणि 'कॉन्फ्लिक्ट्स' प्रोसीड. एकाच दाखल क्रमांकाच्या दोन जुन्या नोंदी असतील तर दुसरी पहिलीवर गुपचूप लिहिली जाणार नाही, तिची संघर्षात मोजणी होईल.

डोंगरवाट | गुरुवार, सकाळी ८.००

आणि रीइंडेक्सच्या वेळी देवघेव तासभर कागदावर ठेवा. नव्या इंडेक्सचा 'रिफ्रेश इंटरव्हल' (नव्या नोंदी शोधात दिसू लागण्याचं अंतर) उणे १ करा, म्हणजे बंद, संपल्यावर परत आधीचा. मोजणी पटली की एलियास (इंडेक्सचं टोपणनाव) नव्याकडे वळवा. जुना इंडेक्स लगेच पुसू नका. बल्कच्या फायली या वेळी १,००० नोंदींच्या करा आणि एकामागून एक सोडा, म्हणजे पडलेली नोंद शोधायला सोपी जाते.

ग्रंथपेटी | शनिवार, रात्री ८.२०

आज वाचनालयाला सुट्टी होती, सगळं केलं. डिस्क ७१ टक्के भरलेली होती, म्हणून शेवंतीताईंनी सांगितलेली अडचण आली नाही.

रीइंडेक्समध्ये ७ संघर्ष निघाले. नोंदवही काढून बसलो. पाच पुस्तकं जुन्या सूचीत दोनदा चढली होती, एकदा ऱ ने आणि एकदा जोडखुणेने. उरलेल्या दोन ठिकाणी मात्र दोन वेगळ्या पुस्तकांना एकच क्रमांक आहे, म्हणजे कुणीतरी शिक्का चुकीचा वाचला.

मग नव्या फायली सोडल्या. ५८,२४० पैकी ५८,२३८ ला २००, दोन ४०४. ती तीच दोन पुस्तकं.

शोधात 'वऱ्हाड' दोन्ही रीतींनी टाइप करून पाहिलं, दोन्ही वेळा आकडा सारखाच येतो. त्या दोन पुस्तकांसाठी सोमवारी कपाटापाशी जाते.

मुळाकाठ | शनिवार, रात्री ९.०५

शीर्षकपानामागचा शिक्का पुसट झाला असेल तर आतल्या पानांत बघा. बहुतेक वाचनालयांत आतल्या एका ठरलेल्या पानावर तोच क्रमांक पुन्हा लिहितात. तुमच्याकडे कोणतं पान ठरलं आहे, ते जुन्या शिपायाला विचारा.

ग्रंथपेटी | सोमवार, दुपारी १२.३०

एकतिसावं पान. दोन्ही क्रमांक मिळाले, चढवले.